पगारी डिझायनर म्हणजे पांढरा हत्ती? मला नाही पटत

कोकमवाली:
काल आमच्या उद्योजकांच्या गटात एकाने लिहिलं, "पंचवीस माणसांच्या आतल्या धंद्याने पगारी डिझायनर ठेवणं म्हणजे दारात पांढरा हत्ती बांधणं. महिन्याची वर्गणी भरा, हवी तेवढी डिझाइनं घ्या, काम नसेल तेव्हा बंद ठेवा." खाली सगळे वाहवा करणारे. रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी कुडाळला कोकम आगळ, आंबापोळी, कुळथाचं पीठ करते. चौदा महिने अशी सेवा घेतली. महिना २५ हजार, वर १८ टक्के जीएसटी. 'हवी तेवढी' म्हणजे काय ते पैसे भरल्यावर कळलं. एका वेळी एकच काम हातात घेणार, पहिला नमुना ४८ तासांत, एक बदल सांगितला की पुन्हा ४८ तास. गणपतीसाठी मला सहा लेबलं हवी होती. सहावं अनंत चतुर्दशी उलटल्यावर आलं. डिझायनर दर तीन-चार महिन्यांनी बदलायचा. आगळ म्हणजे सरबत नव्हे, त्यात साखर नसते, मीठ असतं, हे मी चौघांना समजावलं. चौथ्यानेही पाऊचवर बर्फाचा ग्लास काढला.

शेवटी 'पारंपरिक पद्धतीने'मधली वेलांटी जागा सोडून गेलेले ८ हजार पाऊच छापून आले.

आता सावंतवाडीची एक मुलगी पगारावर आहे, २८ हजार. पहिल्याच आठवड्यात तिने पाहिलं की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला पाणी सुटतं आणि कागदी लेबल सोलून निघतं. चौदा महिन्यांत हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

भोसरीकर:
ताई, तुमचा अनुभव खरा, पण त्यावरून सगळ्यांना सल्ला देऊ नका. आमचं पत्र्याच्या सुट्या भागांचं काम. २०२१ मध्ये डिझायनर घेतला, ३८ हजारांवर. चार महिने कॅटलॉग, वेबसाइट, प्रदर्शनाचा स्टॉल. पाचव्या महिन्यात काम संपलं. मग तो मुलगा वाढदिवसाचे बॅनर करत बसला. अकराव्या महिन्यात सोडून गेला, मूळ फाइली त्याच्याच लॅपटॉपवर राहिल्या. मुलगा गुणी होता. मी त्याचं वर्ष फुकट घालवलं याचं मला आजही वाईट वाटतं.

आता वर्षातले पाच महिने वर्गणी भरतो, सात महिने बंद. पगार असा बंद ठेवता येतो का? शिवाय मशीन, आणि अडोबीच्या डिझाइन-सॉफ्टवेअरचं भाडं. २०१३ पासून त्यांनी नव्या आवृत्त्या वर्गणीवरच द्यायला सुरुवात केली. ताईंनी २८ हजारांत हे धरलंय का?

रात्रपाळी:
मी अशाच एका सेवेत काम करते. माझ्याकडे एका वेळी नऊ ग्राहक आहेत. नवव्याच्या बाटलीला पाणी सुटतं की नाही हे मला कसं कळणार? 'काहीतरी फ्रेश करा' एवढा एक आवाजी निरोप येतो. कोकमवाली, तुम्ही लेखी काय दिलं होतं? आणि वेलांटी सरकली हे खरं, पण प्रूफ कुणी पास केलं?

अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोजर, म्हणजे अक्षरं नीट जुळवणारी सोय, निवडावी लागते. ती निवडली नाही की पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला ते दिसतच नाही. हा दोष वर्गणीचा नाही, मराठी न येणाऱ्याकडे मराठी काम देण्याचा आहे.

जुळारी:
सांगलीत तीस वर्षं प्रेस आहे, म्हणून बोलतो. हल्लीची मुलं युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकावरच्या आजच्या प्रमाण टायपिंगमध्ये, फाइल पाठवतात, कर्व्ह करत नाहीत, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करत नाहीत. आमच्या कोरल या डिझाइन-सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत उघडली की रफार एकीकडे, अक्षर दुसरीकडे. शिव्या प्रेसला. आम्ही श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून द्यायचो तेव्हा समोर बसून प्रूफ वाचणारा माणूस असायचा. आता प्रूफ वाचायला कुणी येतच नाही. आणि 'श', 'ल' तर सगळे हिंदी वळणाचे. दुकानाच्या पाट्या पाहून जीव जळतो.

भोसरीकर:
'ल' कसाही काढा, वाचता येतो ना? विषय खर्चाचा आहे.

अक्षरवेडा:
वाचता येतो म्हणून काहीही चालवायचं? पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणं आहेत. शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून ती प्रमाण ठरवली. युनिकोडात ल आणि श यांना एकेकच जागा आहे, कोणतं रूप उमटेल ते फाँट ठरवतो. म्हणजे फाँट निवडणाऱ्याला हे माहीत असलं पाहिजे. तुमच्या कॅटलॉगवर मराठी असेल तर पाहा एकदा.

भोसरीकर:
शासन निर्णय सरकारी कागदांना आणि पाठ्यपुस्तकांना. माझ्या कॅटलॉगला नाही. आमचे गिऱ्हाईक चेन्नईत आहेत. भाषेची शिकवणी मला नको.

अक्षरवेडा:
शिकवणी नको असेल तर मराठीत छापू नका. निम्मं चुकीचं छापण्यापेक्षा ते बरं.

जुळारी:
अहो, भांडू नका. कोकमवालीताई, पाऊच ग्रॅव्ह्युअरवर छापले असतील ना, म्हणजे प्रत्येक रंगाला एक कोरलेलं सिलिंडर? मग दुरुस्तीला किती सिलिंडरं घेतली तुमच्याकडून?

कोकमवाली:
चारही रंगांची.

जुळारी:
तो मजकूर नुसत्या काळ्यात होता का? असेल तर एक बदलून भागलं असतं. पांढरी अक्षरं रंगातून सोडलेली, म्हणजे रंग न छापता कोरी ठेवलेली असतील तर मात्र ज्या ज्या रंगातून सोडली ती सगळी बदलावी लागतात.

कोकमवाली:
नुसत्या काळ्यात होता. तीन सिलिंडरांचे पैसे उगाच गेले म्हणायचे. हे मला तेव्हा कुणीही सांगितलं नाही.

रात्रपाळी, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रूफ मीच पास केलं. रात्री साडेअकराला, मोबाइलवर. एमआरपी, वजन, एफएसएसएआयचा क्रमांक, हिरवं चिन्ह तपासलं आणि मराठी ओळ डोळ्यांखालून तशीच गेली. ही चूक माझी, मान्य. पण आज आमच्याकडे ती मुलगी कागदावर छापून, मोठ्याने वाचून मगच पुढे पाठवते. नऊ ग्राहक सांभाळताना तुम्हाला हे करता येतं का?

रात्रपाळी:
नाही येत. तेवढं मान्य. पण ती मुलगी आजारी पडली किंवा लग्न होऊन गेली तर तुमचं काम ठप्प.

कोकमवाली:
लग्नाचं कशाला काढता? भोसरीकरांचा मुलगा लग्न करून गेला होता का? काम नव्हतं म्हणून गेला.

रात्रपाळी:
तो शब्द मागे घेते. मी स्वतःही बाई आहे, मला लिहायला नको होतं.

नोंदवही:
एवढी चर्चा झाली आणि हक्काबद्दल कुणीच बोललं नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: नोकराने नोकरीच्या कामात केलेली कलाकृती, वेगळा करार नसेल तर मालकाची. म्हणजे भोसरीकर, लॅपटॉपवर गेलेल्या फाइलींवर हक्क तुमचाच होता, मागायला हव्या होत्या. बाहेरच्या सेवेचं तसं नाही. तिथे हक्क लेखी करून घ्यावा लागतो. कलम १९ प्रमाणे त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

भोसरीकर:
हे मला माहीत नव्हतं. वर्गणीवाल्यांचा करार आजच काढून बघतो. तरी माझं मत बदललेलं नाही, पाच महिन्यांच्या कामाला बारा महिन्यांचा पगार मी देणार नाही.

कोकमवाली:
आमची आंबापोळी गेल्या वर्षापासून दुबईला जाते. तिचं लेबल त्याच सेवेने केलेलं आहे आणि माझ्याकडे बिलाशिवाय एक कागद नाही. नोंदवही, आता लिहून मागितलं तर चालतं का?

नोंदवही:
चालतं. कामाची नावं, मुदत आणि 'सर्व देश' स्पष्ट लिहून सही घ्या. ईमेलवर भिस्त ठेवू नका.

रात्रपाळी:
लवकर मागा. ज्याने ते लेबल केलं तो तिथे अजून असेल याची खात्री नाही. सही सेवेच्या मालकाची घ्या आणि मूळ फाइल फाँटसकट मागा.