हायस्कूल टप्प्याटप्प्याने उघडायचं, तर आधी कोणासाठी?

धागालेखिका

कोविड ओसरला आणि शाळा कधी, कशा उघडायच्या ही चर्चाही थांबली. मला ती मुद्दाम पुन्हा काढायची आहे. एप्रिल 2020 मध्ये जगभरात साधारण 160 कोटी विद्यार्थी वर्गाबाहेर होते, असा युनेस्कोचा अंदाज आहे. त्यांना परत कसं आणायचं हे तेव्हा प्रत्येक देशाने घाईगडबडीत ठरवलं. पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा तशीच धावपळ नको.

टप्प्याटप्प्याने उघडण्याला माझा पाठिंबा आहे. एका सोमवारी सगळी फाटकं सताड उघडणं मला धोक्याचं वाटतं, आणि शेवटच्या माणसाला लस मिळेपर्यंत कुलूप ठेवणं क्रूर वाटतं. माझा आक्षेप टप्पे पाडण्याच्या पद्धतीला आहे. हायस्कूलच्या बाबतीत टप्पा म्हटलं की बहुतेक ठिकाणी इयत्ताच धरली गेली. आधी परीक्षेचं वर्ष, मग त्याखालचं, मग उरलेली मुलं. हा क्रम परीक्षेच्या सोयीचा आहे. मुलांची गरज त्यात कुठेच मोजलेली नाही.

मी नववी-दहावीला भाषा शिकवते. ऑनलाइन तासाला हजेरी घेताना नाव पुकारलं की काळ्या चौकोनाखाली 'प्रेझेंट' असं उमटायचं. नववीतला एक मुलगा रोज तेवढं टाइप करायचा आणि गायब व्हायचा. फोन वडिलांचा होता आणि तास सुरू व्हायच्या वेळीच ते कामाला निघायचे. हजेरीपटावर तो मुलगा वर्षभर हजर आहे. त्याच वेळी त्याच्या वर्गातली दुसरी मुलगी स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या लॅपटॉपवर नीट शिकत होती. इयत्तेप्रमाणे क्रम लावला की हे दोघं एकाच टप्प्यात येतात. ते मला पटत नाही.

म्हणून पहिल्या टप्प्यात प्रत्येक इयत्तेतून अशी मुलं बोलवा, ज्यांचं घरी शिक्षण होतच नाही. ज्यांच्याकडे साधन नाही, ज्यांच्या घरात बसायला जागा नाही, ज्यांना विशेष शिक्षकाची गरज आहे, जी दोन-तीन आठवडे कुणालाच दिसलेली नाहीत. वर्गात मोजकी मुलं, उघड्या खिडक्या, सगळ्यांना मास्क. पुन्हा बंद कधी करायचं याचा नियम आधीच लिहून फळ्यावर लावलेला. आणि घरी राहिलेल्यांचे तास चालूच.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतं जरूर लिहा.

बारावीच्या मुलाचा बाप

ताई, कळकळ समजली, पण मी पूर्ण असहमत आहे.

नववीच्या मुलाचं वर्ष बुडालं तर भरून काढायला पुढे तीन वर्षं आहेत. बारावीच्या मुलाकडे काय आहे? पुढचे प्रवेश त्या एका निकालावर. प्रयोगशाळेत हात न लावता त्याने प्रात्यक्षिकाची परीक्षा कशी द्यायची? दक्षिण कोरियाने 20 मे 2020 ला शाळा उघडायला सुरुवात केली ती शेवटच्या वर्षाच्या मुलांपासून. पहिल्याच दिवशी इंचॉन शहरात दोन विद्यार्थी बाधित निघाले आणि तिथल्या 66 शाळांना मुलं घरी पाठवावी लागली. तरी क्रम बदलला नाही, नंतरच्या आठवड्यांत खालचे वर्ग आणले आणि विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा 3 डिसेंबरला प्रत्यक्ष घेतली. मुलांना काय चाललंय ते कळत होतं. ही स्पष्टता फार मोठी गोष्ट आहे.

शिवाय सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला मास्क, अंतर, हात धुणं सांगावं लागत नाही. तो नियम पाळू शकतो. टप्पा पाडायचाच तर समजत्या मुलांपासून पाडा.

धागालेखिका

प्रात्यक्षिकाचा मुद्दा मान्य. प्रयोगशाळेचं काम असलेल्यांना पहिल्या टप्प्यात घ्यायला माझी हरकत नाही. पण 'खालच्यांकडे वेळ आहे' हे मला मान्य नाही. युगांडाने ऑक्टोबर 2020 मध्ये अंतिम परीक्षेच्या वर्गांनाच आधी बोलावलं. बाकीचे वर्ग पुढे तुकड्या-तुकड्यांनी आले, जून 2021 मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या आणि सगळ्यांसाठी उघडायला 10 जानेवारी 2022 उजाडला. तोवर कित्येक मुलं कामाला लागली होती, कित्येक मुलींची लग्नं झाली होती किंवा त्या गरोदर होत्या. त्यांच्याकडेही कागदावर वेळ होता.

बारावीचा मुलगा शाळेत परत येणारच आहे, कारण परीक्षा त्याला ओढून आणते. नववीच्या मुलाला ओढणारं काही नसतं. तो एकदा सुटला की सुटला.

विज्ञान शिक्षक, वय पन्नाशीपुढे

इथे सगळे मुलांचं बोलत आहेत. वर्गात आणखी एक माणूस उभा असतो.

स्वीडनमध्ये मार्च 2020 पासून उच्च माध्यमिक वर्ग ऑनलाइन गेले आणि त्याखालचे वर्ग चालू राहिले. त्यामुळे तुलना करायची आयती संधी मिळाली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांची मुलं शाळेत जात होती त्या पालकांमध्ये संसर्ग किंचितच जास्त होता, पण चालू शाळांतल्या माध्यमिक शिक्षकांमध्ये तो ऑनलाइन शिकवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. शिक्षकांच्या जोडीदारांमध्येही वाढ दिसली. म्हणजे शाळा उघडण्याची किंमत कोणी मोजली ते स्पष्ट आहे. मला मधुमेह आहे. माझ्यासारखे प्रत्येक शाळेत असतात.

दुसरं. बाई, तुम्ही लिहिता 'घरी राहिलेल्यांचे तास चालूच'. ते कोण घेणार? मी ते केलं आहे. समोर बारा मुलं, टेबलावर लॅपटॉप, त्यात बाकीची. फळ्यावर लिहायला वळलो की घरचे म्हणतात, सर ऐकू येत नाही. लॅपटॉपकडे वाकलो की समोरचे खिडकीबाहेर बघतात. मास्कमधून सलग ओरडून दुपारी आवाज बसलेला. असा शिकवलेला तास घरच्यांना धड पोचत नाही आणि वर्गातल्यांनाही नाही. दुसरा शिक्षक देणार असाल तर बोला, नाहीतर ही योजना माझ्या पाठीवर उभी आहे.

आणि 'ज्यांचं घरी होत नाही ती मुलं आधी' म्हणताना त्या मुलांचा विचार केलात का? पहिल्या यादीत ज्याचं नाव येईल त्याच्याकडे फोन नाही, हे सगळ्या शाळेला कळणार. पंधरा वर्षांच्या मुलाला हे किती लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

वेळापत्रक लावणारा

आमच्या शाळेचं वेळापत्रक मी लावतो, म्हणून एक कोरडा पण महत्त्वाचा मुद्दा.

प्राथमिकला टप्पे पाडणं त्यातल्या त्यात सोपं, कारण एक वर्ग, एक बाई, तीच मुलं. डेन्मार्कने 15 एप्रिल 2020 ला लहान वर्गांपासून सुरुवात केली, छोटे गट केले, जमेल तेवढं उघड्यावर शिकवलं. सहावीपासूनच्या मुलांना महिनाभर थांबावं लागलं, ती 18 मे ला आली. हायस्कूलमध्ये गट टिकतच नाहीत. अकरावीच्या एका तुकडीत कुणाचं जीवशास्त्र, कुणाचं संगणक, कुणाची दुसरी भाषा वेगळी. तिसऱ्या तासाला तुकडी फुटते, चौथ्याला दुसऱ्या तुकडीतल्या मुलांबरोबर बसते आणि गणिताचे एकच सर दिवसभरात पाच वर्ग फिरतात. दुपारपर्यंत 'गट' नावाची गोष्ट शिल्लक नसते. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, मार्च 2021 मध्ये वर्गातलं अंतर सहा फुटांवरून तीन फुटांवर आणलं, तेव्हाही माध्यमिकसाठी अट राखली होती: भागात संसर्ग खूप असेल आणि गट वेगळे ठेवता येत नसतील तर सहा फूटच.

धागालेखिकेच्या योजनेत प्रत्येक इयत्तेतून थोडी थोडी मुलं येणार. म्हणजे प्रत्येक विषयाचा शिक्षक हवाच, प्रत्येक तासाला मोजकी मुलं आणि वेळापत्रक पूर्ण ताकदीचं. मला हे कागदावर बसवता येत नाही. इयत्तेप्रमाणे टप्पे पाडतात ते परीक्षेच्या प्रेमापोटीच असं नाही, तेवढंच जमतं म्हणूनही.

तेव्हा अकरावीत असलेली

सगळ्या मोठ्यांचं वाचलं. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून लिहिते.

आमची शाळा टप्प्याटप्प्यानेच उघडली. सम-विषम हजेरी क्रमांक. माझा क्रमांक विषम, माझ्या दोन्ही मैत्रिणींचा सम. म्हणजे शाळा सुरू झाली तरी त्या मला भेटल्याच नाहीत. एका बाकावर एक, डबा एकमेकांत खायचा नाही, मधल्या सुट्टीत जागेवरच बसायचं, खेळाचा तास रद्द. ज्या विषयाचे सर दुसऱ्या वर्गावर असायचे त्या तासाला आम्ही शाळेच्या बाकावर बसून, कानात इयरफोन घालून, फोनवर त्यांचाच ऑनलाइन तास ऐकायचो. घरून आलो कशाला, हा प्रश्न रोज पडायचा.

मला शाळा बंद हवी होती असं अजिबात नाही. घरी रडून काढलेले दिवस आहेत. पण उघडताना तुम्ही सगळे अभ्यासक्रम मोजत होता. मला आठवड्यातून एकच दिवस दिला असता, पण मैत्रिणींच्या गटाबरोबर, मैदानात, तर जास्त चाललं असतं.

सरांनी यादीबद्दल लिहिलंय ते अगदी खरं. आमच्याकडे टॅब वाटले तेव्हा दोन मुलं घ्यायलाच आली नाहीत.

प्रत्यारोपण झालेल्या आईची मुलगी, दहावीच्या मुलाची आई

माझ्या आईचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय, ती आमच्याकडेच असते. शाळेने संमतीपत्र पाठवलं. त्यात लिहिलेलं, 'पाल्यास स्वतःच्या जबाबदारीवर पाठवीत आहे'. सही केली तर आईचा जीव धोक्यात घालणारी मी, नाही केली तर मुलाचं नुकसान करणारी मी. शाळा दोन्हीकडून मोकळी.

टप्पे कसे पाडा यावर भांडा, पण संमतीपत्राच्या नावाखाली निर्णय आमच्या गळ्यात बांधू नका. घरी राहणं हा हक्क असेल तर घरी शिकवणं हे शाळेचं कर्तव्य हवं. सरांची अडचण कळते, पण आमच्यासारख्या घरांना दुसरा मार्ग नाही.

परिचारिका

आधी कोण, यावर वाद चाललाय. मी हवेबद्दल बोलते, कारण विषाणू इयत्ता बघत नाही.

इस्राएलने 17 मे 2020 ला सगळे वर्ग एकदम उघडले. दोन दिवसांत उष्णतेची लाट आली, मुलांना मास्कमधून सूट दिली, खिडक्या लावून एसी चालू ठेवले. जेरुसलेमच्या एका माध्यमिक शाळेत 153 विद्यार्थी आणि 25 कर्मचारी बाधित झाले. एकेका वर्गात पस्तीसच्या वर मुलं होती. गर्दी, मास्क नाही, हवा कोंडलेली, तिन्ही एकत्र आलं. ही शाळा इयत्तेप्रमाणे उघडली असती किंवा गरजेप्रमाणे, त्या खोलीत वेगळं काही घडलं नसतं.

शाळेला एक काम सांगते. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र आणा आणि वर्ग भरलेला असताना तासाच्या शेवटी आकडा बघा. बाहेरच्या हवेत तो 420 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतो. वर्गात 800 च्या खाली राहिला तर हवा खेळती आहे असं धरा. दीड-दोन हजार दिसला तर सगळे एकमेकांच्या फुप्फुसातली हवा घेत आहेत. मी पाहिलेल्या एका वर्गात चारपैकी तीन खिडक्यांच्या कड्या रंगाने घट्ट बसल्या होत्या. सुताराला बोलावून त्या मोकळ्या करणं हा माझ्या मते पहिला टप्पा.

धागालेखिका

यादीच्या मुद्द्यावर मी माझी मांडणी बदलते. गरज ठरवून नावं पुकारायची नाहीत. शाळेत रोज काही खोल्या, इंटरनेट आणि एक शिक्षक उपलब्ध असेल. ज्याला यायचं त्याने वेळ नोंदवावी, कारण विचारलं जाणार नाही. घरी तीन भावंडांत एक फोन असलेला येईल आणि घरी करमत नाही म्हणून कुणी येईल, दोघांत फरक दिसणार नाही. जी दिसतच नाहीत त्यांच्याकडे शिक्षकाने स्वतः जायचं.

यातून वेळापत्रकाचाही प्रश्न हलका होतो. पहिल्या टप्प्यात विषयवार तास घ्यायचेच नाहीत. मुलं तिथे बसून आपापला ऑनलाइन तास करतील आणि अडलं तर विचारायला माणूस असेल. अकरावीतल्या ताईने लिहिलेला इयरफोनचा प्रसंग हाच आहे हे मला कळतंय. म्हणून त्यात रोज उघड्यावरचा एक तास बिनअभ्यासाचा हवा, आणि गट मुलांनी स्वतः निवडलेला.

वेळापत्रक लावणारा

हे बसतं. पण त्याला शाळा उघडली म्हणू नका, अभ्यासिका म्हणा. पालकांना 'शाळा सुरू' सांगाल तर पहिल्या दिवशी भांडण होईल.

बारावीच्या मुलाचा बाप

आणि त्या अभ्यासिकेत माझ्या मुलाचं रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक कोण घेणार? आठवड्यातून दोन दिवस प्रयोगशाळा बारावीसाठी ठेवा, मग मी विरोध मागे घेतो. त्याआधी नाही.

विज्ञान शिक्षक, वय पन्नाशीपुढे

प्रयोगशाळा मी उघडतो. अटी दोन. एका वेळी दहाच मुलं, आणि त्या दोन दिवशी माझे ऑनलाइन तास दुसऱ्या कुणीतरी घ्यायचे. कोण, ते नावानिशी लेखी हवं. आणि लस आली की शिक्षकांचा क्रम कितवा, हेही त्याच कागदावर. अमेरिकेत बारा ते पंधरा वयाच्या मुलांना लसीची परवानगी मिळायला मे 2021 उजाडला होता, म्हणजे हायस्कूलची मुलं लस न घेता वर्षभर आमच्यासमोर बसू शकतात. हे लिहून मिळत नाही तोवर टप्पा पहिला असो की पाचवा, माझं उत्तर नाही असंच राहील.