मायल्स स्टँडिश नक्की कुठला? (न्यूजर्सीकर काकांच्या धाग्यावरून)

खडूस खोत:
काल न्यूजर्सीकर काकांनी लिहिलं की त्यांच्या सुनेच्या माहेरचे लोक मेफ्लॉवरवरच्या (1620 मध्ये इंग्रज वसाहतवाल्यांना अमेरिकेत प्लिमथला नेणारं जहाज) कॅप्टन मायल्स स्टँडिशचे वंशज आहेत, विहीणबाईंकडे त्याचं सर्टिफिकेट आहे, सगळे मिळून मॅसॅच्युसेट्समधल्या डक्सबरीला जाऊन टेकडीवरचा 116 फुटी मनोरा बघून आले. इथवर छान. पण शेवटी काकांनी ठोकून दिलं की "हा माणूस इंग्लंडात लँकशायरमधल्या डक्सबरीच्या घराण्यात जन्मला हे कागदोपत्री सिद्ध आहे, नाहीतर आपण, पणजोबांचं नाव विचारलं की छताकडे बघतो." तिथेच दोन ओळी टाकणार होतो पण हात थांबेना म्हणून हा वेगळा धागा.

काका, कुठे सिद्ध झालंय? त्याच्या जन्माची नोंद आजवर कोणाला सापडलेली नाही. आहे काय, तर 1656 मधलं मृत्युपत्र. त्यात तो थोरल्या मुलाला, अलेक्झांडरला, कुठल्या जमिनी देतो? ऑर्म्सकर्क, बर्स्को, राइटिंग्टन, मॉडस्ली, न्यूबर्ग, क्रॉस्टन आणि आइल ऑफ मॅन हे इंग्लंड-आयर्लंडच्या मधलं बेट. म्हणजे देतो कसल्या, हातात नसलेल्याच देतो! म्हणतो या माझ्या हक्काच्या, पण लबाडीने माझ्यापासून दाबून ठेवल्या, आणि माझे पणजोबा स्टँडिश गावच्या स्टँडिश घराण्यातले धाकटे भाऊ. या यादीत डक्सबरी कुठे आहे? नाहीच. अमेरिकेतल्या गावाला डक्सबरी नाव पडलं म्हणून लोकांनी त्याला डक्सबरीच्या स्टँडिशांच्या वाड्यात नेऊन बसवलं. आणि 1914 साली पोर्टिअस नावाच्या लँकशायरमधल्याच पाद्र्याने जुनी खतं धुंडाळून दाखवलं की या जमिनी ऑर्म्सकर्कच्या स्टँडिशांच्या, आणि त्यातलीच एक पाती आइल ऑफ मॅनवर जाऊन राहिली होती. मग कॅप्टन मॅनचा का नसावा?

न्यूजर्सीकर काका:
खोतसाहेब, तुमचा उत्साह बघून बरं वाटलं, पण अर्धवट वाचून शिकवणी घेऊ नका. नॅथॅनिएल मॉर्टन हा प्लिमथ वसाहतीचा सेक्रेटरी, गव्हर्नर ब्रॅडफर्डचा भाचा, स्टँडिशला वर्षानुवर्षं समोर पाहिलेला माणूस. त्याने 1669 मध्ये छापून ठेवलंय की कॅप्टन लँकशायरमध्ये जन्मला. शेजाऱ्याचं ऐकायचं की अडीचशे वर्षांनी खतं चाळणाऱ्याचं? आणि डक्सबरीला लागून असलेल्या चॉर्लीच्या चर्चच्या रजिस्टरचं काय? 1584 च्या सुमाराचं पान नेमकं वाचता येत नाही. वंशजांनी एकोणिसाव्या शतकात पैसे गोळा करून इंग्लंडला माणूस धाडला होता, इस्टेट मिळते का बघायला, तेव्हाच बोभाटा झाला की कोणीतरी नोंद मुद्दाम खरवडली. कोणाच्या फायद्याची होती ती खाडाखोड, तुम्हीच सांगा.

खडूस खोत:
मॉर्टनने "लबाडीने दाबून ठेवलेली इस्टेट" हेच शब्द वापरलेत, जे मृत्युपत्रात आहेत. म्हणजे शेजाऱ्याने ऐकून लिहिलं की कागद बघून लिहिलं? सहा लँकशायरची गावं आणि एक बेट वाचलं की कोणीही लँकशायरच म्हणणार. आणि 1584 हे साल आलं कुठून? त्याला एलिझाबेथ राणीच्या काळात सैन्यात हुद्दा मिळाला, राणी वारली 1603 ला, त्यावरून मागे मोजत जाऊन काढलेला अंदाज. आधी साल अंदाजाने ठरवायचं, मग त्या सालचं पान पुसट दिसलं की ओरडायचं चोरी चोरी. आमच्या घरच्या पोथीचंही मधलंच पान फाटलंय, ते काय भाऊबंदांनी फाडलं?

तलाठी_नको_रे_बाबा:
फाडलंही असेल. हसू नका. आमच्या आजोबांच्या नावचा गट एका फेरफारात चुलत्यांच्या नावे चढला, वारस नोंदीत आमच्या वडिलांचं नावच नाही, विचारायला गेलो तर म्हणे जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लं. वाळवीला बरोब्बर तेच पान कसं आवडलं? त्यामुळे या कॅप्टनचं दुःख मला पोटातून कळतं. चारशे वर्षांपूर्वीचा गोरा माणूस, पण बोलतो अगदी कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या आमच्या वडिलांसारखा.

हट्टी हेमा:
सगळ्या पुरुषांचं जमिनीवरून चाललंय ते चालू दे. त्याच्या बायकांचं काय? पहिली रोझ, मेफ्लॉवरवर बरोबर आली आणि पहिल्याच हिवाळ्यात, 29 जानेवारी 1621 ला गेली. दुसरी बार्बरा, 1623 मध्ये ॲन जहाजावरून आली, सात मुलं झाली. दोघींचं माहेर कुठलं? कोणाला माहीत नाही. मग लोकांनी पुडी सोडली की दोघी बहिणी होत्या, पुरावा शून्य. पणजोबाचा धाकटा भाऊपणा मृत्युपत्रात येतो पण बायकोच्या बापाचं नाव कुठेच येत नाही. आणि काका, आपण तर पुढचे, आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायचे. तुमच्या कुलवृत्तान्तात लेकींची नावं आहेत का बघा, "कन्या 3" एवढंच असेल.

न्यूजर्सीकर काका:
विषय काय, बोलताय काय. आमच्या कुलवृत्तान्ताच्या नव्या आवृत्तीत मुली आहेत. जुनी पद्धत होती ती होती, तिचं खापर आमच्यावर नको. आणि एक सांगतो, मुलींना नावं हवीत, हिस्से हवेत, पण आईवडिलांचं दुखणं काढायला भाऊच.

हट्टी हेमा:
हे लिहायला नको होतं काका.

महाराष्ट्रात 1994 मध्ये कायदा झाला, देशभर 2005 मध्ये, मुलीला मुलाइतकाच हिस्सा. आणि माझ्याकडून हक्कसोड कधी घेतलं माहितीये? वडिलांच्या तेराव्याला. जेवणं उरकली, मागच्या पडवीत मोठ्या काकांनी कागद पुढे केला, म्हणाले सगळ्या बहिणी देतात, तुझं काय सासरी चांगलंच आहे, माहेर तुटायला नको ना. आईने मान खाली घातली होती. मी सही केली. आणि आईचं शेवटचं दुखणं अकरा महिने माझ्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत निघालं, भाऊ दिवाळीला येऊन फराळ खाऊन गेला. माहेर तसंही तुटलंच. लबाडीने दाबून ठेवलं म्हणायला त्या कॅप्टनला निदान मृत्युपत्र तरी होतं, मी कुठे लिहू?

तलाठी_नको_रे_बाबा:
ताई, सहीच्या वेळी दबाव होता हे दाखवता आलं तर कोर्टात जाता येतं, चांगला वकील बघा. पण खरं सांगू का, बहिणींनी हिस्सा मागितला की तुकडे पडतात, आमच्याकडे अडीच एकराचे सहा झालेत.

हट्टी हेमा:
आणि भावांनी मागितला की पडत नाहीत? तेव्हा ती वाटणी, आमच्या वेळी तुकडे. छान.

चॉर्लीच्या बसमधून:
मी मँचेस्टरला असते, चॉर्लीचं सेंट लॉरेन्स चर्च बघून आलेय म्हणून दोन शब्द. खोत, मॅनचं प्रकरण तुम्ही लिहिता इतकं परकं नाही. ते बेट 1405 पासून स्टॅन्ली घराण्याच्या ताब्यात, आणि त्यांचं लेथमचं घर ऑर्म्सकर्कला लागूनच. म्हणजे धन्याच्या मागोमाग इकडची माणसं तिकडे चाकरीला जायची, जशी आपली शिंदे-होळकरांच्या मागे ग्वाल्हेर-इंदूरला गेली. इंदूरमध्ये चार पिढ्या काढलेला माणूसही मूळगाव कोकणातलंच सांगतो. मृत्युपत्रात वतन कुठलं ते आहे, बाळंतपण कुठे झालं ते नाही. माझं स्वतःचं मूळगाव गुहागर, जन्म परळचा, गुहागरला आयुष्यात दोनदा गेलेय. मॅनवाल्यांनी 1980 नंतर त्याला पहिला मॅन्क्स (म्हणजे मॅन बेटावरचा) अमेरिकन म्हणून मिरवलं, लँकशायरवाले अजून चिडतात. यादीतली सहा गावं लँकशायरची आणि ओळखणारा मॉर्टनही लँकशायर म्हणतो, त्यामुळे माझं मत लँकशायरला, पण ऑर्म्सकर्ककडचं. डक्सबरीच्या वाड्यातला नव्हे.

खडूस खोत:
बरं. वतन वेगळं नि जन्म वेगळा, हे मान्य, मीही मृत्युपत्रावरून उडी मारली. मॅनचं पक्कं नाही. पण मग काकांचं "सिद्ध"सुद्धा गेलं, अर्धं मला द्या.

न्यूजर्सीकर काका:
घ्या अर्धं, हार घालू का? सर्टिफिकेट देणारी मेफ्लॉवर-वंशजांची सोसायटी 1897 पासून आहे, ते लोक एकेका पिढीचा जन्म-लग्नाचा कागद मागतात.

चॉर्लीच्या बसमधून:
काका, ते कागद त्याच्यापासून खालचे, अमेरिकेतले. सूनबाई त्याची वंशज आहे याला कोणीच हरकत घेतली नाही. त्याच्या वरचं ती सोसायटी विचारतच नाही. आणि हेमाताई, प्लिमथच्या पिल्ग्रिम हॉल म्युझियममध्ये त्याच्या मुलीचं, लोराचं, भरतकाम ठेवलंय, त्यावर तिने स्वतःच्या हाताने टाके घालून आपलं नाव लिहिलंय. ती बापाआधी गेली. मृत्युपत्रात तो म्हणतो डक्सबरीत मेलो तर मला माझ्या दोन लाडक्या लेकींजवळ पुरा, लोरा आणि सून मेरी. सुनेलाही लेकच म्हटलंय.

हट्टी हेमा:
हे माहीत नव्हतं. जमीन मात्र अलेक्झांडरलाच. पण ठीक आहे, भरतकामाचा फोटो असेल तर टाका.

न्यूजर्सीकर काका:
हेमाताई, दुखण्याचं ते वाक्य मागे घेतो. माझ्या आईचं शेवटी बहिणीनेच केलं, मी इथून डॉलर पाठवत होतो.

बाकी, रात्री जेवताना सुनेला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, बाबा, तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय? सासरचं नाव सरस्वती, ते येतं. माहेरचं येईना. मग चिपळूणच्या आत्याला फोन लावला, वय 91. ती म्हणते यमुना. तिची धाकटी जाऊ मागून ओरडली, यमुना नव्हे, गोदी.

खडूस खोत:
झालं. आता त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वह्या बघा काका, तिथे आजोबा कधी गेले असतील तर बायकोचं नाव मिळेल.

हट्टी हेमा:
सासरचं मिळेल.