अँटिऑक्सिडंटच्या आकड्यावर फळं निवडावीत का?

नीरक्षीर
माझं मत: त्या आकड्याला काडीची किंमत नाही. तो येतो ओआरॅक चाचणीतून: फळाचा अर्क नळीत घालून तो फ्री रॅडिकल्सना (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना) किती रोखतो ते मोजतात. रोखणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. तो पोटातून रक्तात किती उतरतो, हा प्रश्नच तिथे येत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली ओआरॅकची आपली यादी मागे घेतली. कंपन्या ते आकडे जाहिरातीत सर्रास वापरत होत्या. तरी पावडरींच्या डब्यांवर तेच छापलं जातंय.

सालासकट
आकडा फसवा म्हणून फळही फसवं? २०१३ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तीन मोठ्या पाहणी-गटांचं विश्लेषण आलं. आठवड्याला तीन वेळा ब्लूबेरी खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे २६ टक्के कमी, द्राक्षं-बेदाण्यांत १२ टक्के, सफरचंद-पेअरमध्ये ७. ज्यूस पिणाऱ्यांत उलट ८ टक्के जास्त. सगळी फळं एका मापाची नाहीत, एवढं तर मान्य कराल?

नीरक्षीर
करतो, पण ती निरीक्षणं आहेत. बेरी खाणारा माणूस बहुधा चालतो, सिगारेट ओढत नाही. संशोधक हे घटक गणितातून वजा करतात, पण पूर्ण नाही जमत. शिवाय त्यात अँटिऑक्सिडंटचा वाटा किती? सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढलेली दिसते, ती मुख्यतः फ्रुक्टोजमुळे (फळातल्या साखरेमुळे) वाढलेल्या युरिक अॅसिडची असते. आता त्याचं कौतुक करायचं का?

आणि शुद्ध अँटिऑक्सिडंट देऊन पाहिलं तेव्हा काय झालं? फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत (१९९४) रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिनची (गाजरातल्या नारिंगी रंगद्रव्याची) गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला.

सालासकट
हा गोळीविरुद्धचा पुरावा आहे, तो फळाच्या माथी कशाला? फळातून बीटा-कॅरोटिन चोथ्यात अडकलेलं येतं, हळूहळू सुटतं, सोबत इतर शंभर गोष्टी असतात. बेरींतल्या जांभळ्या रंगद्रव्यांचंही तसंच: मूळ रूपात फार थोडी शोषली जातात, बाकीची मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांचे तुकडे पाडतात आणि ते तुकडे रक्तात येतात. म्हणजे काम चालतं, पण रॅडिकल्स थेट पकडून नव्हे. तुमची चाचणी चुकीची, माझं फळ बरोबर. भांडण कुठे आहे?

मोजूनमापून
दोघांनीही मात्रेचं काहीच सांगितलं नाही. सी जीवनसत्त्वाची रोजची गरज अमेरिकन शिफारशीनुसार पुरुषाला ९० आणि स्त्रीला ७५ मिलिग्रॅम. मध्यम संत्र्यात साधारण ७० मिळतं. पेरूत १०० ग्रॅमला २०० च्या वर. रोज १८० मिलिग्रॅमपर्यंत ७० ते ९० टक्के शोषलं जातं. एकदम एक ग्रॅमची गोळी घेतली तर निम्म्याहून कमी. उरलेलं आतड्यातच राहतं, म्हणून जास्त डोस झाला की जुलाब होतात.

लोह कमी असेल तर फळ जेवणासोबतच खा. सी जीवनसत्त्व वनस्पतिजन्य लोहाचं शोषण वाढवतं, पण दोन्ही एका वेळी पोटात असतील तरच. दोन तासांनी खाल्लेल्या संत्र्याचा त्या लोहाला उपयोग नाही.

गाळलेला रस नको: तंतू गाळणीत राहतात, साखर ग्लासात येते. लगेच गोठवलेल्या बेरी ताज्याच्या तोडीस तोड असतात. उकळत ठेवलेल्या जॅममध्ये मात्र सी जीवनसत्त्व आणि रंगद्रव्यं दोन्ही घटतात.

औषधडबी
या चर्चेत धोक्याची बाजू कुणीच काढली नाही, म्हणून लिहितो. ग्रेपफ्रूट आतड्यातलं औषधं मोडणारं एन्झाइम बंद पाडतं, त्यामुळे सिमव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) किंवा फेलोडिपिनची (रक्तदाबाचं औषध) रक्तातली पातळी वाढते. परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. गोळी रात्री आणि फळ सकाळी, ही पळवाट चालत नाही. मूत्रपिंड निकामी असलेल्यांनी करंबळ (स्टारफ्रूट) अजिबात खाऊ नये: न थांबणारी उचकी, गोंधळलेपणा, झटके, मृत्यूही.

नीरक्षीर
हे मान्य. पण सालासकटभाऊ, ब्लूबेरीचे २६ टक्के फळाचे की खाणाऱ्याचे, ते अजून सुटलेलं नाही.

सालासकट
मग ज्यूसचे जास्तीचे ८ टक्के कुणाचे? ज्यूस पिणारेही तब्येतीसाठीच पितात.