मारिआना एनरिकेजच्या भयकथा कळायला अर्जेंटिनाचा इतिहास माहीत हवा का?

ऋतुगंध

मंडळी, एनरिकेजचा 'थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर' हा कथासंग्रह नुकता वाचून संपवला, मेगन मॅकडॉवेलचा इंग्रजी अनुवाद. धारप-मतकरी वाचतच मोठी झालेय त्यामुळे भयकथा मला नवीन नाहीत, पण ह्या बाईच्या गोष्टी वेगळ्याच जागी जाऊन लागतात. पहिलीच गोष्ट घ्या, ब्युनोस आयर्सच्या कॉन्स्टिट्युसिऑन भागात आजीआजोबांच्या जुन्या घरात एकटी राहणारी बाई, समोरच्या फुटपाथवर एक गर्दुल्ली आई आणि तिचा मळका पोरगा, आणि मग त्या भागात एका लहान मुलाचं मुंडकं तोडलेलं प्रेत सापडतं. तो हाच मुलगा का, कोणी मारलं, का मारलं, नीट काहीच कळत नाही आणि गोष्ट थांबते. बहुतेक सगळ्या गोष्टी अशाच थांबतात. हे तिचं तंत्र आहे की तिथल्या वाचकाला जे आपोआप कळतं ते माझ्यापर्यंत पोचत नाहीये? आणि तिची 'अवर शेअर ऑफ नाईट' ही जाडजूड कादंबरी लगेच घ्यावी का?

खारा_वारा

इतिहास माहीत असला तर खूप फरक पडतो असं माझं ठाम मत. २४ मार्च १९७६ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली ती १९८३ च्या डिसेंबरपर्यंत. एनरिकेजचा जन्म १९७३ चा, म्हणजे तिचं अख्खं बालपण त्यात गेलं. त्या वर्षांत माणसं घरातून, रस्त्यातून उचलून नेली, गुप्त छळछावण्यांत ठेवली, कित्येकांना गुंगीचं औषध देऊन विमानातून रिओ दे ला प्लाता नदीत टाकलं, आणि घरच्यांना सरकारी उत्तर काय तर आम्हाला माहीत नाही. मानवाधिकार संघटना ३०,००० चा आकडा सांगतात. प्रेत नाही, तारीख नाही, अंत्यसंस्कार नाहीत. गर्भार बायकांना तुरुंगात बाळंत करून ती मुलं दुसऱ्यांना देऊन टाकली, त्या मुलांच्या आज्या १९७७ पासून आजपर्यंत नातवंडं शोधतायत. आता ज्या देशात हजारो घरांना आपला माणूस मेला की जिवंत हेच कोणी सांगितलं नाही तिथली लेखिका गोष्टीच्या शेवटी सगळा उलगडा करून देईल कशाला? तुम्ही वाचलेल्याच पुस्तकात 'द इन' नावाची गोष्ट आहे बघा, दोन मुली रात्री एका हॉटेलात शिरतात आणि ती इमारत लष्करी राजवटीत पोलीस प्रशिक्षण शाळा होती एवढंच जाता जाता कोणीतरी बोलून जातं. तिथल्या वाचकाला तेवढं पुरतं. परत वाचा ती, पूर्ण वेगळी लागेल.

तिन्हीसांज

खारा_वारा, माहिती सगळी बरोबर आहे पण प्रत्येक भूत म्हणजे हुकूमशाहीचं रूपक असं एकदा ठरवलं की मग भीती वाटायचीच बंद होते आणि हे मला अजिबात पटत नाही. बाई मनापासून भयकथेची आहे हो! लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग हे अमेरिकन भयकथाकार तिचे लाडके, ला प्लाता शहरात पत्रकारिता शिकली, रॉक संगीतावर लिहीत आली, पाहिना/१२ ह्या वर्तमानपत्राच्या रादार पुरवणीत वर्षानुवर्षं काम केलं, आणि पहिली कादंबरी १९९५ मध्ये आली तेव्हा वय फक्त २१. तिच्या 'द डेंजर्स ऑफ स्मोकिंग इन बेड' ह्या संग्रहातली पहिली गोष्ट वाच ऋतुगंध, परसात मुलीला हाडं सापडतात, ती आजीच्या तान्हेपणी गेलेल्या बहिणीची, आणि पुढे ते बाळ कुजलेल्या अंगाने हिच्या घरात येऊन राहतं, हिच्या मागे मागे फिरतं. त्याला आधी कुजलेलं बाळ म्हणूनच घाबरायचं. बाकीचं नंतर सुचलं तर सुचू दे. इतिहास माहीत नव्हता म्हणून तुझं वाचन अपुरं झालं असं कोणी म्हणत असेल तर मी नाही मानत.

खारा_वारा

रूपक नाही म्हणत मी. त्याच 'द डेंजर्स ऑफ स्मोकिंग इन बेड' मध्ये पाच मुली प्लँचेट करतात ती गोष्ट आहे की, आणि त्या चक्क बेपत्ता झालेल्या माणसांनाच बोलावतात, एकीचे आईबापच नेलेले असतात आणि प्रेतं कुठे आहेत ते तिला विचारायचं असतं. तिथे भूत भूतच आहे आणि इतिहास पण उघडउघड समोर आहे, दोन्ही एकदम.

नदीकाठची

दोघांचंही वाचून एक राहिलं असं वाटलं ते म्हणजे तिचं भय १९८३ ला संपत नाही. लोकशाहीतले पोलीस, २००१ ची आर्थिक पडझड, झोपडपट्ट्या, बायकांना जाळणं, हे सगळं आहे त्यात. 'अंडर द ब्लॅक वॉटर' मध्ये पोलीस दोन पोरांना रिआचुएलो नदीत ढकलतात आणि एक सरकारी वकील बाई त्याचा तपास करते. २००२ मध्ये खरंच पोलिसांनी काही पोरांना जबरदस्तीने त्या नदीत उड्या मारायला लावल्या होत्या, त्यात १९ वर्षांचा एक मुलगा बुडाला आणि पुढे पोलिसांना शिक्षा झाल्या. ही नदी म्हणजे शहराच्या दक्षिण कडेने वाहणारं कातडी कारखान्यांचं काळं पाणी. आणि एनरिकेजचं लहानपण गेलं ते वालेन्तिन आल्सिना म्हणजे ह्याच नदीपलीकडची वस्ती, तिने ते पाणी लांबून बघितलेलं नाही. त्या गोष्टीत पाण्यातून जे वर येतं ते लव्हक्राफ्टच्या जातीचं, म्हणजे माणसाच्या कल्पनेपलीकडचं आहे, तिथे ती भयकथेचीच हे तिन्हीसांजचं म्हणणं मान्यच, पण पोरांना पाण्यात घालणारे हात पोलिसांचे आहेत आणि मला खरी भीती तिथे वाटली.

पुस्तकवेडा_नाशिक

कादंबरीचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. ऋतुगंधताई, नक्की घ्या. २०१९ ची आहे, स्पेनचा एराल्दे पुरस्कार मिळाला होता तिला. सुरुवात १९८१ ची, हुआन नावाचा हृदयविकाराने खंगलेला बाप आपल्या लहानग्या गास्पारला घेऊन गाडीने ब्युनोस आयर्सहून उत्तरेला मिसिओनेस प्रांताकडे निघालाय, मुलाची आई नुकतीच गेलीय. हुआन एका गुप्त पंथाचा माध्यम आहे, म्हणजे पलीकडच्या शक्ती त्याच्यामार्फत येतात, पंथातले लोक गडगंज, येर्बा माते म्हणजे तिथला चहा म्हणा, त्याच्या मळ्यांचे मालक, त्यांना मरण नकोय आणि त्यासाठी ते दुसऱ्यांची शरीरं वापरायला तयार आहेत. आता बाहेर लष्कर माणसं गायब करतंय तेव्हा ह्यांना किती मोकळं रान मिळत असेल बघा! पण मला धरून ठेवलं ते बापलेकाने. हुआन मुलाला वाचवायला धडपडतो आणि त्याच धडपडीत त्याला मारहाण करतो, दुखावतो, त्याच्यापासून सगळं लपवतो. असा बाप मी क्वचित वाचलाय. तुमच्या संग्रहातली ती पडक्या घरात शिरणाऱ्या अडेलाची गोष्ट पण कादंबरीत परत येते, मोठी होऊन. मधला लंडनचा भाग जरा लांबलाय, तिथे सोडून देऊ नका.

आणि तिचं एक कथेबाहेरचं पुस्तक पण आहे, देशोदेशीच्या दफनभूमींवर. तिच्या मैत्रिणीची आई बेपत्ता होती, कित्येक वर्षांनी हाडांची ओळख पटली आणि मग रीतसर दफन झालं, त्याबद्दल लिहिलंय त्यात. खारा_वारा आणि तिन्हीसांज दोघांनीही ते वाचाच, मग पुढचं भांडण इथेच करू.