ऐक्यसप्ताहातली संयुक्त प्रार्थना: क्रम कसा लावायचा?

बार्देशकर:
१८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्यसप्ताहात म्हापशाच्या बाजूला एक संयुक्त प्रार्थना घ्यायचं चाललंय. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं एकत्र चर्च), ऑर्थोडॉक्स आणि एक पेंटेकॉस्टल मंडळी. भाषा मराठी, गीतं थोडी कोकणी. सगळ्यांनी मिळून मिस्सा (भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना) करता येते का? नसेल तर क्रम काय ठेवावा? आणि एक संध्याकाळ झाली की वर्षभर कोण कुणाला विचारत नाही, त्याचं काय करावं?

मांडवीतीर:
मिस्सा नको. कॅथलिक कायद्याच्या ९०८व्या कलमाप्रमाणे पूर्ण सहभागिता नसलेल्या मंडळीच्या पाळकासोबत फादरना मिस्सा अर्पण करता येत नाही. शिवाय कम्युनियनच्या, म्हणजे ती भाकर घेण्याच्या, वेळी अर्धे लोक उठतात, अर्धे बाकावर बसून राहतात. ऐक्यासाठी जमून फूटच दाखवायची, असं होतं.

वचनविधी, म्हणजे बायबलवाचन आणि प्रार्थना, ठेवा, तासाभरात आटपणारा. रविवार टाळा, व्हॅटिकनच्या १९९३च्या मार्गदर्शिकेतही तेच सांगितलंय, कारण रविवारी प्रत्येकाची आपली उपासना असते. सांकवाळचं संत जुझे वाझांचं फेस्त (सण) १६ला होतं, त्यामुळे १९ किंवा २०च्या सुमारास गायक आणि फादर मोकळे सापडतील. अर्थात तुमच्या कपेलाचं (छोट्या चर्चचं) फेस्त त्याच दिवसांत नाही ना, ते बघा.

क्रम: गीत, स्वागत, पापांगीकार, जुन्या करारातलं एक वाचन, स्तोत्र, शुभवर्तमान, दहा मिनिटं प्रवचन, मतांगीकार (श्रद्धेची कबुली), विनंत्या, प्रभूची प्रार्थना, शांतीचं अभिवादन, सगळ्या पाळकांनी मिळून आशीर्वाद. यजमान चर्चच्या पाळकाने प्रवचन करू नये, पाहुण्याला द्यावं. जुन्या करारातलं वाचन सर्वांच्या बायबलात असलेल्या पुस्तकातूनच घ्या. मक्काबी किंवा ज्ञानग्रंथ काढलात तर प्रॉटेस्टंट प्रतीत पान सापडणार नाही.

विषय आणि वचनं दरवर्षी तयार मिळतात: एखाद्या देशातला गट मसुदा करतो, मग व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून तो पक्का करतात. २०१३चा मसुदा भारतातल्या विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीचा होता, मीखा ६:६-८ वर. मराठी भाषांतर महिनाभर आधी हातात हवं, आदल्या रात्री नव्हे.

रायबंदर_वाट:
वरचं बरोबर, पण गाडी अडते ती बारीक जागी. प्रभूच्या प्रार्थनेत कॅथलिक ‘वाइटापासून सोडव’ इथे थांबतात आणि बाकीचे ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव’ म्हणत पुढे जातात. मराठी पाठही दोन आहेत. कागदावर एकच पाठ छापा. मतांगीकार नायसीन (जुन्या चर्च परिषदांचा पाठ) घ्या, इ.स. ३८१च्या रूपात, म्हणजे आत्म्याबद्दल ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द वगळून. ऑर्थोडॉक्स ते म्हणणार नाहीत, कॅथलिकांना न म्हणता चालतं. रोझरी आणि लादाईन (मरियेची विनवण्यांची प्रार्थना) त्या संध्याकाळी नको. उत्स्फूर्त प्रार्थनेला दोन मिनिटं ठरवून द्या आणि खूण करायला माणूस उभा करा, नाहीतर नऊ वाजतील.

सगळ्यात जास्त बिघडतं ते साक्षीत, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव माइकवर सांगण्यात. ‘मी आधी कॅथलिक होतो, मला सत्य माहीत नव्हतं’ असं कुणी माइकवर म्हणालं की वर्षाची मेहनत वाया. कार्यक्रमात साक्ष ठेवूच नका.

गोव्याची स्वतःची जखमही आहे. वेर्ण्याचे कॅथलिक पाद्री आल्वारिस १८८९ मध्ये मार ज्युलियस नावाने ऑर्थोडॉक्स बिशप झाले, १९२३ मध्ये वारले. रायबंदरच्या सेंट मेरी चर्चात त्यांचे अवशेष आहेत. तो इतिहास भाषणात उगाळू नका, पापांगीकारात एक ओळ पुरे.

बार्देशकर:
साक्षीचं डोक्यात नव्हतं. बाप्तिस्म्याचा मुद्दा निघाला तर? आमच्याकडे तोच पेटतो.

मांडवीतीर:
प्रार्थनेत काढू नका, त्याआधी पाळकांच्या बैठकीत काढा. पाण्याने आणि त्र्यैक्याच्या नावाने दिलेला सीएनआयचा बाप्तिस्मा कॅथलिक मानतात, पुन्हा देत नाहीत. पेंटेकॉस्टल मंडळी तान्ह्याचा बाप्तिस्मा मानत नाहीत, म्हणून तिथे पुन्हा पाण्यात उतरवतात, आणि घरच्यांना तो अपमान वाटतो. सीएनआयचं उदाहरण द्या: नागपुरात १९७० मध्ये मंडळ्या एकत्र आल्या तेव्हा बाप्टिस्टही त्यात होते, आणि बालकांचा व प्रौढांचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य ठेवले गेले. मत बदला म्हणू नका. दुसऱ्याच्या मंडळीतलं माणूस आलं तर त्याच्या पाळकाला आधी कळवायचं, एवढं कबूल करून घ्या. हे एक झालं तरी पुष्कळ.

खुरीसवाडा:
वर्षभराच्या कामाबद्दल. एक, चारही मंडळ्यांचे दोन-दोन माणसांचे फोन एका कागदावर. वाटेवरचा खुरीस (क्रूस) किंवा घुमटी कुणी फोडली तर उपयोग त्याचाच. तुकडे उचलू नका, फुलं घालू नका, पंचनामा होईपर्यंत जागा तशीच ठेवा. तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम २९८ (प्रार्थनास्थळाची विटंबना) खाली लिहून द्या. फोटो पोलिसांना, ग्रुपवर नाही. आणि हिंदू शेजाऱ्यांना त्याच दिवशी बोलवा. म्हापशात मिलाग्रीस सायबिणीला (मरियामातेला) हिंदू तेल घेऊन येतात, लईराई देवीला तिची बहीण मानतात. तिथे शेजाऱ्याला परका धरून चालत नाही.

दोन, बांबोळीच्या गोमेकॉसाठी (गोवा मेडिकल कॉलेजसाठी) रक्तदान. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. चाळीस दिवसांच्या उपासकाळात ठेवणार असाल तर उपवासाच्या दिवशी नको, रिकाम्या पोटी चक्कर येते.

आणि प्रार्थनेत दान गोळा करणार असाल तर पैसे कुणाकडे जाणार ते सुरुवातीलाच माइकवर सांगा. मोजायला प्रत्येक मंडळीचा एक माणूस बसवा.