झोप लागताना अंग तापतं की गार पडतं? आपापले अनुभव लिहा

आमच्याकडे पंख्याच्या रेग्युलेटरवरून रोज रात्री भांडण होतं. निजायच्या वेळी माझे पाय बर्फ, अगदी मे महिन्यातही पायांवर चादर लागते. नवऱ्याचं उलट. जागा असेपर्यंत माणसासारखा माणूस, डोळा लागला की शेगडी! लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी रात्री दचकून त्याच्या कपाळाला हात लावायचे. थर्मामीटर दाखवायचा ९७.८.

परवा करोनात घेतलेली ताप मोजायची बंदूक कपाटात सापडली. तिच्यात वस्तूचं तापमान बघायचीही सोय आहे. साडेदहाला साहेब मोबाइल बघत लोळत होते, तेव्हा तळपायाला धरली : २९.८ सेल्सिअस. घोरणं सुरू झाल्यावर परत धरली : ३४.१. बंदूक बिघडली असेल म्हणून स्वतःच्या पायावर धरली तर २७.४. म्हणजे मला भास होत नव्हता. हे कुणाकुणाला होतं? आणि काहीजणांना गार का वाटतं?

वाकळ
माझा मुलगा तीन वर्षांचा. झोपला की पंधरा मिनिटांत डोकं घामानं चिंब, उशीवर ओला गोल उमटतो. सासूबाई म्हणाल्या अशक्तपणा आहे, खारीक-बदाम सुरू करा. बालरोगतज्ज्ञांनी वजन पाहिलं, खोकला-ताप विचारला, छाती तपासली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आधी ती कानटोपी काढा." ऑक्टोबर महिना होता, आणि घालणारी मीच.

फळा-खडू
नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून चार ओळी जास्त लिहिते.

धागाकर्तीच्या बंदुकीनं बरोबर जागा पकडली आहे. झोपेची वेळ जवळ आली की मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचा आतला पारा खाली आणायला लागतो. त्यासाठी आतली उष्णता बाहेर टाकायला हवी, आणि ती टाकायच्या खिडक्या म्हणजे हातापायांचे तळवे. तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, गरम रक्त कातडीपर्यंत येतं, म्हणून शेजारच्याला माणूस तापलेला वाटतो. आत मात्र तो थंड होत असतो. रात्रभरात आतलं तापमान साधारण १ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं आणि पहाटे, उठायच्या दोनेक तास आधी, सगळ्यात खाली असतं. म्हणून अकराला नकोशी झालेली चादर चारला आपण झोपेतच शोधतो. त्यात स्वप्नांच्या झोपेत घाम येणं आणि कुडकुडणं ही दोन्ही यंत्रणा जवळजवळ बंद असतात, तेव्हा खोलीच्या हवेचा परिणाम जास्त होतो.

उलट ज्यांचे पाय गार राहतात त्यांच्या खिडक्या बंद. अशांना झोपही उशिरा लागते. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांनी १९९९ साली 'नेचर'मध्ये हेच मांडलं होतं : पाय गरम, तर झोप लवकर. झोपण्याआधी तास-दीड तास कढत पाण्यानं अंघोळ केली की झोप छान लागते, त्याचंही कारण हेच. अंघोळीनं खिडक्या उघडतात आणि नंतर अंग गार होतं. अगदी गादीवर पडायच्या क्षणी अंघोळ केलीत तर तेवढा उपयोग नाही.

बायकांना पाळीच्या आधीचे दहा-बारा दिवस जास्त उकडतं तेही खरं असतं. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास चढलेलं राहतं.

पदर
वय ४९. माझं तापणं हळूहळू येत नाही. डोळा लागतो न लागतो तोच छातीतून वाफ निघते, मान, कान, चेहरा, आणि मग घामाच्या धारा. चार मिनिटांनी तेच अंग गारठतं आणि ओला गाऊन पाठीला चिकटतो. पहिल्या डॉक्टरांनी "वयाचं आहे, चालायचंच" म्हणून वाटेला लावलं. राग इतका आला की घरी येऊन भांडी आपटली. दुसऱ्या बाईंनी नीट समजावलं : पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की मेंदूचा थर्मोस्टॅट फार हळवा होतो, तापमान जरासं वर गेलं तरी तो घाम सोडतो. थायरॉइडही तपासून घेतलं, ते ठीक निघालं. आता उशाशी कोरडा सुती गाऊन घडी करून ठेवते आणि अंधारातच बदलते. रात्रीचं तिखट आणि चहा बंद केल्यावर माझ्यापुरता फरक पडला.

जुना रेडिओ
वरचं सगळं गरम अंगाचं झालं. गार अंगाचं मी सांगतो, कारण त्या रात्री मी झोपून राहिलो असतो तर वडील गेले असते.

वडील ७४, साखरेची गोळी चालू, ग्लिमेपिराइड. आषाढी एकादशी होती. दिवसभर उपास, रात्री वाटीभर भगर, ती पण अर्धी टाकली. गोळी मात्र शिस्तीत घेतली. साडेनऊला झोपले. दीडच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो तर त्यांच्या खोलीतून पुटपुटणं. हात लावला तर अंग गार. बनियन पिळून घ्यावं इतकं ओलं, पण कातडी माठासारखी थंड. "गाडी लावली का रे?" असं काहीतरी विचारत होते. आमच्याकडे गाडी कधीच नव्हती. ग्लुकोमीटरवर आलं ४८, म्हणजे रक्तातली साखर फारच उतरलेली. गिळता येत होतं म्हणून साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत मोजलं, परत दिलं, मग दूध-पोळी. उजाडताच दवाखाना. डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि बजावलं, उपासाच्या दिवशी आधी फोन करायचा. घरात साखरेची औषधं किंवा इन्शुलिन घेणारं कुणी असेल आणि झोपेत गार घाम सुटला, तर 'झोपेत असंच होतं' म्हणून कूस बदलू नका.

तिसरी घंटा
कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना संध्याकाळी अंगात कसर, रात्री चादर बदलावी लागेल एवढा घाम. मी होस्टेलच्या पत्र्याच्या छपराला दोष देत होतो. तीन महिन्यांत सहा किलो उतरलो, तेव्हा आईनं ओढत नेलं. थुंकीची तपासणी, टीबी. सहा महिने औषध घेतलं, बरा आहे. घामाबरोबर वजनही उतरत असेल तर थांबू नका, एवढंच.

कोकमसार
आमचा प्रकार तिसराच. तळपायांची आग. इतकी की फरशीवर पाय टेकवून झोपायचे. आईनं काशाची वाटी आणि तूप काढलं, महिनाभर घासून दिली. बरं वाटायचं, झोपही लागायची, पण आग जाईना. गंमत म्हणजे नवरा हात लावून म्हणायचा, "गारच तर आहेत!" खरंच गार होते. पाय तापत नव्हते, नसा तसं कळवत होत्या. बी-१२ फारच कमी निघालं, आम्ही पक्के शाकाहारी. इंजेक्शनं झाली, दोन-अडीच महिन्यांनी पाय पांघरुणात आले. वाटी अजून घासते, पण आता लाड म्हणून.

हिमपिशवी
जर्मनीत राहतो. इथे डबल बेडवर नवराबायकोला दोन वेगळी पांघरुणं असतात. आईला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिनं फोनवर हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना रे?"

धागाकर्ती
@फळा-खडू, कालच करून पाहिलं. नऊला बादलीत कढत पाणी, पंधरा मिनिटं पाय, मग लोकरीचे मोजे. पावणेअकराला बंदूक : ३२.६. त्यानंतरचा आकडा नाही, कारण झोप लागली. नवरा म्हणतो सकाळी बंदूक माझ्या पाठीखाली होती.

पहारा
केमिकल प्लँटच्या कंट्रोल रूममध्ये नाइटला असतो. आत्ता चार वाजून दहा मिनिटं झालीत. ए.सी. रोजच्यासारखा २५ वर. संध्याकाळच्या शिफ्टला याच खोलीत सगळे शर्टाचं वरचं बटण उघडून बसतात. आणि आता समोरचे तिघंही जॅकेटमध्ये, एकानं तर हात मांड्यांखाली घातलेत. माझ्या गळ्यात मफलर. बारा वर्षं आम्ही ए.सी.वाल्याला फोन करून शिव्या घालतोय आणि तो येऊन गॅस चेक करून जातोय. सकाळी नऊला घरी जाऊन पडलो की उलट होतं : पडदे ओढले, पंखा पाचवर, तरी अंग गार पडत नाही आणि झोप तुटत राहते. चहा आला. बाकी सुट्टीच्या दिवशी लिहितो.