‘त्यांना तज्ज्ञांकडेच न्या’ हे मला मान्य नाही

थोरली_बहीण
काल इथे एका डॉक्टरांनी लिहिलं, की बौद्धिक दिव्यांग रुग्णांना साध्या दवाखान्यात आणू नये, थेट तज्ज्ञांकडे न्यावं. फॅमिली डॉक्टरला ते जमत नाही आणि बाकीचे पेशंट खोळंबतात. रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा भाऊ ४२ वर्षांचा. बोलतो मोजकंच. मध्यंतरी डोकं भिंतीवर आपटायला लागला. तीन दवाखान्यांत एकच उत्तर मिळालं, ‘यांचं असंच असतं.’ चौथ्या डॉक्टरांनी टॉर्च घेऊन तोंडात पाहिलं. दाढेखाली पू! दाढ काढली, आपटणं थांबलं. यात तज्ज्ञाचं काय काम होतं? प्रत्येक दुखणं अपंगत्वाच्या नावावर टाकलं जातं आणि माणूस हकनाक जातो. इंग्लंडमध्ये अशा मृत्यूंची चौकशी झाली, २०१३ साली अहवाल आला. पुरुष इतरांपेक्षा १३ वर्षं आणि बायका तब्बल २० वर्षं आधी गेल्या होत्या.

दवाखानेवाला
ती पोस्ट माझी. बाहेर तीस माणसं बसलेली असतात. एका मुलाचं रक्त घेताना माझ्या नर्सला चावा बसला, टाके पडले. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉईड, हृदय, कान, मानेचे मणके, चाळिशीनंतर स्मृतिभ्रंश. एवढं सगळं मी एकट्याने बघायचं? काही निसटलं तर जबाबदार मीच.

लेकीची_आई
अहो, ही यादी तुम्हाला तोंडपाठ आहे, म्हणजे निम्मं काम झालंच की! पण मला गोळ्यांबद्दल बोलायचंय. माझी लेक दर महिन्याला चार दिवस आरडाओरडा करायची. तिला रिस्पेरिडोन सुरू केलं, म्हणजे मनोविकारावरची, शांत करणारी गोळी. वजन वाढलं, दिवसभर पेंगायची. पाळीत पोट दुखतंय का, हे कुणी विचारलंच नाही. दुखत होतं. पोरगी गप्प झाली की सगळे खूश.

रात्रपाळी
हे वाचून राग आला. मी निवासी संस्थेत काम करतो. रात्री अकरा जण आणि मी एकटा. त्यातला एक स्वतःचा हात हाडापर्यंत चावायचा. गोळीमुळे आज तो सगळ्यांबरोबर पंगतीत जेवतो. तुम्ही एकीला सांभाळता ताई, सरसकट बोलू नका.

लेकीची_आई
एकीला सांभाळते म्हणजे मला कळत नाही? माणसं कमी आहेत म्हणून माझ्या मुलीने गुंगीत राहायचं? तुमची अडचण खरी असेल, पण ते औषधाचं कारण होऊ शकत नाही.

रात्रपाळी
मग या एका रात्री आणि बघा. त्याचा हात मी धरला होता, तुम्ही नाही.

दवाखानेवाला
दोघंही थांबा जरा. गोळी कधी कधी लागते. पण सुरू झालेली गोळी पुन्हा तपासली जात नाही, हे खरं आहे. मीही जुनी चिठ्ठी बघून तीच पुढे लिहून दिलीय. यातल्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, आतडं अडलं तर जीव जातो. आणि पोट फुगलंय हे रुग्ण सांगू शकत नाही.

थोरली_बहीण
मग हे बघायचं कुणी? शौचाला कधी झाली, वजन किती, कान मळाने बंद आहेत का, हे जवळच्या डॉक्टरनेच विचारायचं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात, कलम २५ मध्ये आरोग्यसेवा माणसाच्या वस्तीच्या जवळात जवळ द्या असंच म्हटलंय. भावाला आम्ही दवाखाना उघडताच नेतो, गर्दी नसते. स्टेथोस्कोप आधी त्याच्या हातात देतात, मग छातीला लावतात. डॉक्टर त्याच्याशी बोलतात, माझ्याशी नंतर.

दवाखानेवाला
‘आणूच नये’ हे शब्द मागे घेतो. सकाळचा पहिला नंबर देईन. रक्त मात्र मी घेणार नाही, त्यावर ठाम आहे.

रात्रपाळी
डॉक्टर, आमच्याकडच्या सहा जणांच्या गोळ्या वर्षानुवर्षं त्याच आहेत. एकदम बंद केल्या तर बिघडेल याची भीती वाटते.

दवाखानेवाला
एकदम बंद करूच नका. चिठ्ठ्या घेऊन या. सुरू करणाऱ्या डॉक्टरांशी बोलतो, मग एकेक करून कमी करता येते का ते पाहू.

लेकीची_आई
शौचाची वहीही न्या. आणि त्या हात चावणाऱ्याचे दात बघायला सांगा.